सही केली, म्हणून काय झालं?

नोकरदार माणसाचं कायद्याचं शिक्षण तीन ठिकाणी होतं: कँटीनमध्ये, लोकलच्या डब्यात आणि एचआरच्या केबिनमध्ये. तिन्हीकडे शिकवण एकच. अपॉइंटमेंट लेटरवर सही केलीस ना, मग आता बोलू नकोस. तू मॅनेजर आहेस, कामगार कायदा तुला लागू नाही. मुकाट राजीनामा दे, रेकॉर्ड तरी स्वच्छ राहील. कोर्टात गेलास तर निकाल लागेपर्यंत केस पांढरे होतील. थोडक्यात, तुझ्या हातात काही नाही.

उद्योजकांच्या परिसंवादात बसलं की नेमकं उलटं ऐकू येतं. आपल्याकडचे कामगार कायदे इतके कामगारधार्जिणे आहेत म्हणे, की एकदा घेतलेला माणूस काढताच येत नाही. आता ही दोन्ही मतं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. माणसाच्या हातात काहीच नसेल तर त्याला काढायला अडचण कसली? आणि त्याला काढताच येत नसेल तर तो इतका घाबरलेला का? तरीही ही दोन्ही वाक्यं पुष्कळदा एकाच तोंडून येतात. दुसरं सकाळी व्यासपीठावर, पहिलं दुपारी केबिनमध्ये.

माझ्या मते दोन्ही खोटी आहेत, आणि पहिलं जास्त घातक आहे, कारण त्याच्यावर विश्वास ठेवणारा माणूस स्वतःच स्वतःचं नुकसान करून घेतो. कायद्याने नोकरदाराला जे दिलं आहे त्यातलं बरंचसं सही करून सोडून देता येत नाही. ते जातं दुसऱ्याच वाटांनी: घाईने लिहून दिलेल्या राजीनाम्यातून आणि उलटून गेलेल्या मुदतीतून. म्हणजे भीती चुकीच्या जागी आहे. ज्या कागदाला भ्यायचं त्यावर माणसं बिनदिक्कत सही करतात आणि ज्याला फारसं भ्यायचं कारण नाही त्याचं ओझं वर्षानुवर्षं वाहतात.

सहीपासून सुरुवात करू. करार हा दोघांच्या संमतीने होतो, संमती दिली की तो बांधतो, हे तत्त्व कुणी नाकारत नाही. पण कायद्यानेच जे किमान ठरवून दिलं आहे, त्याच्या खाली उतरण्याचा करार दोघांनी हसतखेळत केला तरी तो करार ठरत नाही. वेतनाच्या कायद्यांत हे पूर्वीपासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. जुनी कलमं तोंडपाठ असणाऱ्यांची पंचाईत झाली खरी, पण या मुद्द्यावर काही बदललं नाही. वेतन संहिता स्पष्ट सांगते की संहितेखाली मिळायची रक्कम किंवा बोनस यांवरचा हक्क सोडून देणारा करार शून्य आहे. ‘ओव्हरटाइम मागणार नाही’, ‘किमान वेतनापेक्षा कमी पगार मला मान्य आहे’ अशी वाक्यं स्टँपपेपरवर लिहून घेतली तरी त्या स्टँपपेपरचेच पैसे वाया.

ग्रॅच्युइटीचंही तेच. पाच वर्षं सलग नोकरी झाली की शेवटच्या वेतनावर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. महिन्याचे २६ दिवस धरून. वेतन २६ हजार आणि नोकरी १२ वर्षं असेल तर १ लाख ८० हजार. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत पाच वर्षांची अट नाही. एक वर्ष पुरतं. ही मालकाची बक्षिसी आहे असं समजणारे अजूनही आहेत. त्यांना एक विचारावंसं वाटतं: बक्षिसी असती तर तिचा आकडा नोकरीच्या पहिल्याच दिवशी सीटीसीत घालून का दाखवला असता?

इथे प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. गैरवर्तनाबद्दल काढून टाकलं तर ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा काही अंशी जप्त होऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यापुढे जाऊन असंही ठरवलं की नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी आधी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली असण्याची गरज नाही; खातेनिहाय चौकशीत ते सिद्ध झालं तरी पुरे. हा निकाल मालकांच्या बाजूचा आहे यात शंका नाही. पण त्याच निकालात एसटीच्या वाहकांची प्रकरणंही होती. तिकिटाचे पैसे खाल्ल्याचा आरोप सिद्ध झालेला, मात्र रकमा किरकोळ. कोर्टाने त्यांची फक्त २५ टक्के ग्रॅच्युइटी जप्त करायला परवानगी दिली. ज्यांनी अफरातफर केली त्यांनाही तीन चतुर्थांश रक्कम मिळाली. मग ज्याचा गुन्हा फक्त ‘नोटीस पीरिअड पूर्ण केला नाही’ एवढाच आहे, त्याची ग्रॅच्युइटी अडवून धरणाऱ्यांनी कुठल्या कलमाखाली अडवली ते लिहून द्यावं. तोंडी नको, लिहून.

बाळंतपणाच्या रजेबाबतही करार दाखवला जातो: ‘तुमचा करार ३१ तारखेला संपतोय, त्यानंतरचा पगार कसला?’ २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा युक्तिवाद फेटाळला. मातृत्वाचा लाभ करारापेक्षा वरचा आहे. करार मध्येच संपला तरी कायद्याने ठरलेल्या मुदतीचा लाभ पूर्ण द्यावा लागतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी ती मुदत २६ आठवड्यांची आहे.

आता बाँड. पुण्याच्या हिंजवडीपासून नागपूरच्या मिहानपर्यंत नव्याने लागलेल्या पोरापोरींना सर्वाधिक घाबरवणारा कागद हाच. दोन वर्षांत सोडलंस तर दोन लाख भर, आणि सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही. यातली दोन वाक्यं वेगवेगळी तपासली पाहिजेत, कारण त्यांचं भवितव्य वेगवेगळं आहे.

नोकरी सोडल्यावर अमुक ठिकाणी जायचं नाही, हे वाक्य भारतात टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम व्यवसाय करण्याला बंदी घालणारा करार शून्य ठरवतं. या कलमाची परीक्षा पाहणारा एक खटला तर आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा आहे. जाहिरातींचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. करार संपल्यावरही दुसरीकडे जाण्याआधी आम्हाला विचारावं लागेल, असं कलम त्यात होतं. २००६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करार संपल्यानंतरचं बंधन लागू होत नाही. ज्या कलमाने गोलंदाजाला मोकळं केलं तेच कलम टेस्टिंगवाल्या मुलीलाही मोकळं करतं.

करार चालू असतानाचं बंधन मात्र टिकतं. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉनचा १९६७ चा खटला यासाठी आजही सांगितला जातो. टायर कॉर्ड बनवण्याचं तंत्र कंपनीने परदेशातून गुप्ततेच्या अटीवर आणलं होतं, एका पर्यवेक्षकाला ते शिकवलं होतं आणि पाच वर्षांचा करार केला होता. तो मुदत संपण्याआधीच राजस्थानातल्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला. कोर्टाने उरलेल्या काळापुरती मनाई कायम ठेवली. आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. सरकारी बँकेला प्रत्येक रिकाम्या जागेसाठी पुन्हा जाहिरात, परीक्षा, निवड हे सगळं करावं लागतं, हे त्यामागचं कारण होतं. तेव्हा ‘बाँड म्हणजे बेकायदा, फाडून टाका’ असा सल्ला देणाऱ्या चुलतभावावरही विश्वास ठेवू नका.

पण या निकालांवरून प्रत्येक कंपनीचा प्रत्येक आकडा वसूल होतो असा निष्कर्ष काढणं ही लबाडी आहे. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा असते; मिळते ती वाजवी भरपाई. परदेशातून आणलेलं तंत्र शिकवणं आणि पंधरा दिवस प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवणं यांत फरक आहे. ज्या कंपनीला खर्च दाखवता येत नाही तिला दोन लाख मागायला तोंड नाही. पदवीची मूळ प्रमाणपत्रं तारण म्हणून ठेवून घेण्याची तर चालच निराळी. ती प्रमाणपत्रं तुमची आहेत. ती अडकवून ठेवण्याचा अधिकार कामगार कायद्यांनी मालकाला दिलेला नाही.

नोटीस पीरिअडबाबतचा गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. ‘नव्वद दिवस पूर्ण केल्याशिवाय आम्ही सोडणारच नाही’ या वाक्याला अर्थ नाही. माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध नोकरी करवून घेण्याचा हुकूम कोर्ट देत नाही. करारात तसं लिहिलं असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे मागता येतात, एवढंच. याची दुसरी बाजू कटू आहे. ज्या तत्त्वामुळे कंपनी तुम्हाला बांधून ठेवू शकत नाही, त्याच तत्त्वामुळे खासगी कंपनीतल्या बड्या व्यवस्थापकाला कोर्ट सहसा पुन्हा खुर्चीवर बसवत नाही; नोटिशीच्या काळाएवढी भरपाई मिळाली तरी खूप. पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम मिळतो तो ज्याला कायदा ‘कामगार’ मानतो त्याला.

म्हणूनच दुसऱ्या आक्षेपाला महत्त्व येतं. तू मॅनेजर आहेस, तुझं काय! या वाक्यावर सूटबूटवाले सगळ्यात लवकर गप्प बसतात, थोडं सुखावूनसुद्धा. व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापून घ्यायला आवडतं ना. त्याची किंमत अशी मोजावी लागते. पण कोर्ट कार्ड पाहत नाही, काम पाहतं. मुंबईच्या सिबा गायगी कंपनीतल्या एका माणसाच्या खटल्यात १९८५ साली सुप्रीम कोर्टाने हेच केलं. हाताखाली दोन माणसं होती, पण दिवसभराचं मुख्य काम कारकुनी होतं. तो कामगार ठरला. उलट १९९४ मध्ये करोना साहू या पादत्राणांच्या कंपनीतला दुकान व्यवस्थापक कामगार ठरला नाही, कारण दुकान खरोखर तोच चालवत होता. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, रजा कुणाची मंजूर, पैसा कुठे खर्च, हे तुम्ही ठरवता का? या प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ असतील तर हुद्द्यात ‘मॅनेजर’ शब्द तीनदा आला तरी फरक पडत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकासाठी पगाराची मर्यादा दहा हजारांवरून अठरा हजारांवर गेली. आजच्या पगारांत ती अजूनही हास्यास्पदच आहे. मात्र औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी आणि पत्रकार यांना संहितेने व्याख्येतच घेतलं.

काही जण खरोखरच बाहेर राहतात. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सुप्रीम कोर्टाने शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने कामगार नाही असं ठरवलं. पण एका दारातून बाहेर म्हणजे रस्त्यावर, असं नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या शिक्षकांना १९७७ च्या कायद्याखाली स्वतंत्र शाळा न्यायाधिकरण आहे. आणि पगाराच्या बाबतीत तर ही भिंतच गेली आहे. वेतन संहितेत ‘कर्मचारी’ या व्याख्येत व्यवस्थापकही येतो. राजीनामा दिलेल्या, काढलेल्या किंवा बडतर्फ केलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होतं, आमची पॉलिसी आहे’ असं सांगणाऱ्याला विचारा, पॉलिसी संसदेने कधी मंजूर केली?

औद्योगिक वसाहतीत प्रश्न वेगळा असतो. तिथे हुद्द्याचा प्रश्न येत नाही, दिवस मोजले जातात. २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ द्यायचा, आठ दिवसांनी तोच माणूस नव्या नावाच्या ठेकेदाराकडून परत. २४० दिवस भरले की आपोआप कायम, ही कामगारांमधली समजूत सरसकट बरोबर नाही. २४० दिवसांनी मिळतं ते मुख्यतः हे: नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येत नाही. पण मालकांची समजूत की ब्रेक दिला म्हणजे सुटलो, ती तर त्याहून चुकीची. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला कामगार ‘पल्प ॲक्ट’ म्हणतात, माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं ही अनुचित प्रथा मानतो. संहितांनी रद्द केलेल्या २९ केंद्रीय कायद्यांत हा नाही. तो राज्याचा आहे. पुण्यात पाचगाव पर्वतीच्या वनीकरणावर पाचसहा वर्षं राबलेल्या मजुरांनी याच कायद्याखाली लढून सुप्रीम कोर्टापर्यंत विजय मिळवला. वनखातं म्हणत होतं, हे सरकारचं सार्वभौम काम आहे, उद्योग नाही. कोर्टाला ते पटलं नाही. इतकी वर्षं तात्पुरतं ठेवलं, यातूनच हेतू दिसतो, असं कोर्टाचं म्हणणं. पुढे २००९ मध्ये एसटीच्या सफाई कामगारांच्या खटल्यात औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा हा अधिकार सुप्रीम कोर्टाने पुन्हा उचलून धरला.

ठेकेदारामार्फत आलेल्यांची बाजू मात्र २००१ पासून कमकुवत झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. सिप्ला आणि कल्याणी स्टील्सच्या खटल्यांनंतर, मालक नेमका कोण हाच वाद असेल तर पल्प कायद्याखाली थेट तक्रार चालत नाही. नातं आधी दुसऱ्या मंचावर सिद्ध करावं लागतं. तरीही पगार बुडवून ठेकेदार पळाला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते. ही गोष्ट गेटवरच्या सुरक्षा रक्षकाला कुणी सांगत नाही. पीएफचंही असंच. पगारातून कापलेला हिस्सा भरला नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा मानला जातो. पासबुक मोबाइलवर दिसतं, ते दर महिन्याला पाहावं.

आता ज्या कागदाला खरोखर भ्यायचं तो. राजीनामा.

दृश्य सगळ्यांच्या परिचयाचं आहे. संध्याकाळी बोलावणं येतं. आत दोघं किंवा तिघं. लॅपटॉप घेतलेला असतो, मेल बंद झालेला असतो. समोर टाइप केलेलं पत्र: वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. सही केलीस तर रिलीव्हिंग लेटर मिळेल, नाहीतर टर्मिनेशन, आणि मग पुढची नोकरी विसर. आजच, आत्ताच.

इतकी घाई कुणाला आणि कशासाठी? काढायचंच असेल तर काढावं, अडवलंय कुणी? कारण असं की कर्मचारी कपात केली तर कायदा हिशेब मागतो: एक महिन्याची नोटीस, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, शेवटी आलेला आधी बाहेर हा क्रम आणि पुन्हा भरती निघाल्यास जुन्याला पहिली संधी. संहितेने त्यात पुनर्कौशल्यासाठी १५ दिवसांच्या पगाराची भर घातली. दहा वर्षं नोकरी केलेल्या माणसाची वर्षांमागची भरपाईच १५० दिवसांची, म्हणजे पाच महिन्यांच्या पगाराएवढी होते. स्वेच्छेने दिलेला राजीनामा ही कपात नसते. म्हणजे त्या एका सहीने कंपनीचे पाच महिने वाचतात आणि तुमचं रेकॉर्ड ‘स्वच्छ’ होतं. सौदा कुणाच्या फायद्याचा आहे ते सांगायला वकील लागत नाही.

सक्तीने राजीनामा घेतला असं नंतर म्हणता येतं, पण सिद्ध करायचं ओझं म्हणणाऱ्यावर येतं, आणि बंद दाराआडच्या बोलण्याला साक्षीदार नसतो. म्हणून सही न करणं हाच उपाय. ‘मला विचार करायला वेळ हवा, हे मला मेलवर पाठवा’ एवढं वाक्य पुरे. सही झालीच असेल तर त्याच रात्री स्वतःच्या खासगी मेलवरून कंपनीला लिहावं: आज अमुक वाजता अमुक खोलीत माझ्यावर दबाव आणून राजीनामा घेतला, तो मी मागे घेत आहे. पुढच्या तारखेपासून अमलात येणारा राजीनामा, कराराची वा नियमाची आडकाठी नसेल तर, ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९७८ पासून अनेकदा सांगितलं आहे. त्या रात्रीच्या मेलचं मोल चार महिन्यांनी केलेल्या दहा पानी तक्रारीला नाही. ‘तुम्ही आठ दिवस गैरहजर होता, म्हणून नोकरी आपोआप संपली’ असं पत्र आलं तर तेही ब्रह्मवाक्य नाही. म्हणणं मांडायची संधी न देता असं नाव कापता येत नाही, असा १९९३ चा निकाल आहे.

राहता राहिला कोर्टातल्या विलंबाचा आक्षेप, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. औरंगाबादच्या एका शिक्षिकेला २००७ मध्ये बडतर्फ केलं. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये बडतर्फी रद्द करून मागच्या पगारासह कामावर घेण्याचा हुकूम दिला. हायकोर्टाने मागचा पगार काढून घेतला. तो परत मिळाला २०१३ साली, सुप्रीम कोर्टात. सहा वर्षं. ज्याच्या घरात एकच पगार येतो त्याला सहा वर्षं म्हणजे काय, हे मला सांगावं लागू नये. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा आणि तारखांवर तारखा हा सरकारचा दोष आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्याच निकालामुळे आज नियम असा आहे की बेकायदा काढलेल्या माणसाला मागचा पगार मिळणं ही सर्वसाधारण रीत आहे. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो असं त्याने शपथेवर सांगितलं की उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. एका बाईने सहा वर्षं सोसलं, त्याचा लाभ नंतरच्या सगळ्यांना.

शिवाय प्रत्येक भांडण हे नोकरी परत मिळवण्याचं नसतं. बहुतेक वेळा भांडण अडकलेल्या पैशाचं असतं, आणि त्याला इतकी वर्षं लागण्याचं कारण नाही. वेतन संहितेत दाव्यांसाठी स्वतंत्र प्राधिकारी आहे, तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचं बंधन त्याच्यावर आहे आणि दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझंही मालकावर. ग्रॅच्युइटीचा नियंत्रण अधिकारी वेगळा. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून लहान जागी जिल्ह्याची स्थानिक समिती. काळ्या यादीची भीती खरी आहे, हे मला मान्य आहे. एकट्याने लढणाऱ्याला पुढच्या नोकरीच्या पडताळणीत त्रास होतो. पण काढलेले चाळीस जण एकत्र गेले तर चाळीसही जणांचं नाव काळ्या यादीत घालून पुढची भरती कशी होणार?

आणि शेवटी मालकपक्षाचं मूळ गाऱ्हाणं: कायद्यांमुळे उद्योग पळतात. मुंबईच्या गिरणीमालकांनाही तसंच वाटत होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. त्यानंतर मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या नाहीत, वाढल्या. आज तर गाऱ्हाण्याला आधारच उरलेला नाही. कपातीसाठी सरकारची परवानगी घ्यावी लागणारी मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. त्याखालच्या कारखान्याला नोटीस आणि हिशेब चुकता केला की माणूस काढता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांतले रोजचे तास ९ वरून १० आणि कारखान्यांतले ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. इन्स्पेक्टरच्या नावापुढे ‘फॅसिलिटेटर’ लागलं. आणि या कडक म्हणवल्या गेलेल्या राजवटीत काय चालत होतं? २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय लेखा कंपनीच्या कार्यालयाची एका तरुण कर्मचारिणीच्या मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा कामगार खात्याने सांगितलं की २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकानं-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. सतरा वर्षं कुणी विचारलं नाही. अशा कायद्याने उद्योग पळाले म्हणणं म्हणजे चौकीदार झोपला असताना त्याच्या काठीला घाबरलो म्हणण्यासारखं आहे.

तेव्हा वाचकहो, अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या पावत्या, हजेरीचे स्क्रीनशॉट, रजेचे मेल हे सगळं आजच घरच्या मेलवर किंवा पेटीत ठेवा; कंपनीचा लॅपटॉप गेला की तेही जातं. मुदती लक्षात ठेवा. पल्प कायद्याखालची तक्रार ९० दिवसांत. लैंगिक छळाची तीन महिन्यांत, सबळ कारण असेल तर आणखी तीन. वेतनाचा दावा तीन वर्षांत. नोकरीवरून काढल्याचा वाद पूर्वी तीन वर्षांपर्यंत नेता येई. औद्योगिक संबंध संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी प्रकरण हातात घेऊ शकत नाही. आणि वकिलाच्या फीच्या धास्तीने थांबला असाल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत जाऊन या. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि औद्योगिक कामगार यांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, तिथे वकील मोफत मिळतो.